बर्फातला प्रतापगड

स्पष्टच लिहितो. गाण्याचा व्हिडिओ पाहून कुणी "काय स्मूथ आहे हो!" म्हटलं की मला आता ती दाद वाटत नाही, तक्रार वाटते. लग्नात जेवण बिघडलं की आपण मांडवाची तारीफ करतो ना, तसं. गाणं ऐकून आत काही हललं असतं, तर माणूस त्याबद्दल बोलला असता.

गेल्या एक-दोन वर्षांत सगळ्यांच्या मोबाईलवर हे नवं पीक आलंय. भजन असो, वाढदिवसाचं गाणं असो की आपल्या झाडीपट्टीच्या नाटकातलं गाणं, त्याच्यावर एआयकडून काढून घेतलेली हलती चित्रं चढवायची. दोन ओळी टाईप करायच्या, चहा होईपर्यंत व्हिडिओ तयार. मग शंभर जणांना फॉरवर्ड. आणि शंभर जणांचं एकच उत्तर, दोन हात जोडलेले.

घरचीच गोष्ट घ्या. (भाचेबुवा हे वाचणार आहेत. वाचू देत. तोंडावरही हेच सांगितलंय.) माझ्या आत्याने प्रतापगडच्या महादेवाचं एक गाणं म्हटलं. तिचंच गाणं, तिचीच चाल, साथीला टाळ आणि ढोलकी. भाच्याने त्याचा व्हिडिओ केला आणि मोठ्या कौतुकाने मला दाखवला.

इथे बाहेरच्या वाचकांसाठी एक खुलासा, जो मला आयुष्यभर करावा लागणार आहे. हा प्रतापगड म्हणजे साताऱ्याचा नव्हे! अफझलखान, वाघनखं वगैरे आमच्याकडे काही झालेलं नाही. आमचा प्रतापगड गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. जंगल, धानाच्या बांध्या आणि पहाडी. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. इथे महादेव आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनींचा दर्गाही आहे. यात्रेकरू दोन्हीकडे डोकं टेकवून मग चिवड्या-जिलेबीच्या दुकानांकडे वळतात. त्या दिवसांत पळस फुललेला असतो, बांध्यांत धसकटं असतात, कुठेतरी एखादा उन्हाळी धानाचा हिरवा तुकडा, आणि दुपारचं ऊन चांगलंच लागायला लागलेलं असतं.

व्हिडिओत काय होतं? बर्फ. पांढराशुभ्र बर्फ, मागे देवदाराची झाडं, आणि व्यायामशाळेतून नुकताच बाहेर पडल्यासारखा महादेव. त्याचे केस वाऱ्यावर एकसारखे हलतायत, ढग हलतायत, कॅमेरा त्याच्याभोवती घारीसारखा फिरतोय. आमच्याकडे बर्फ फक्त रसवंतीवाल्याच्या पेटीत असतो हो! पळस नाही, धान नाही, यात्रा नाही. दर्गा तर नाहीच नाही.

"मामाजी, पण किती स्मूथ आहे, पाहा ना जी!" झालं!

आता तुम्ही म्हणाल, पोराने हौसेने केलं, तुम्ही कशाला चिडता? चिडण्याचं पहिलं कारण चित्रात नाही, गाण्यात आहे. ते आधी सांगतो.

आत्या गाताना कडव्याच्या शेवटी थांबते. वय झालंय, श्वास घ्यावा लागतो. पण ती नुसता श्वास घेत नाही, त्या जागेत ती वर पहाडीकडे पाहते, असं ऐकणाऱ्याला वाटतं. तिथे ढोलकीही हात आखडता घेते. गाण्याचा सगळा जीव त्या थांबण्यात आहे. आणि नेमका त्याच क्षणी व्हिडिओतला कॅमेरा गरागरा फिरतो, कारण त्याला कुणी थांबायला सांगितलेलंच नाही. चित्राने गाणं ऐकलंच नाही!

अ‍ॅनिमेशनमधे भावना कुठून येते, याचं उत्तर मुळात फार साधं हिशोबाचं आहे. सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम. गाण्याची लय मिनिटाला ८० ठोके धरली, तर एका ठोक्याला येतात बरोबर १८ फ्रेम. केरव्याच्या आठ मात्रांचं एक आवर्तन म्हणजे १४४ फ्रेम, सहा सेकंद. हाताने काम करणारा अ‍ॅनिमेटर हा हिशोब आधी कागदावर मांडतो. कुठल्या ठोक्यावर पाऊल पडेल, कुठल्या ठोक्यावर मान वळेल, आणि कुठल्या १८ फ्रेममधे काहीच होणार नाही. हात हळूच निघून हळूच थांबला तर माया वाटते. तोच हात एका फ्रेममधे इथून तिथे गेला तर दचकायला होतं. आणि मान वळायच्या आधी दोन ठोके चित्र तसंच धरून ठेवलं, तर माणूस विचारात पडलाय असं वाटतं. चित्रं तीच, फक्त मधला वेळ बदलला. गाण्याचा भाव त्या मधल्या वेळात असतो.

जपानचे हायाओ मियाझाकी यांनी २००२ साली अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्ट यांना हेच टाळ्या वाजवून दाखवलं होतं. दोन टाळ्यांमधली जी रिकामी जागा, तिला ते 'मा' म्हणतात. त्यांच्या सिनेमांत माणसं मधेच नुसती बसतात, पाण्याकडे बघतात, ते यासाठी. आपल्याला यात नवल वाटायचं कारणच नाही. आपल्या तालात खाली असते. केरव्यात पाचव्या मात्रेवर हात वाजत नाही, बाजूला जातो. ती खाली आहे म्हणून पुढच्या समेला वजन आहे. जिथे सगळंच भरलेलं असतं तिथे सम कशी कळणार? भाच्याच्या व्हिडिओत एकही खाली नव्हती.

बरं, हे काही परदेशातून आणलेलं शहाणपण नाही. आपल्या राज्यात गाण्याला चित्राची जोड देण्याचा उद्योग सिनेमाच्या आधीपासून चालू आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरतात आणि वीणा-टाळावर कथा गातात. चित्र स्थिर असतं, गाणं त्याला हलवतं. चित्र कधी बदलायचं हे गाणारा ठरवतो, कारण चित्र धरणारा हात आणि गाणारा गळा एकाच मेळातला. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मधे 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. काचांवर हाताने रंगवलेली चित्रं, त्यांच्यामागे दिवा, आणि काचा भराभर बदलून पडद्यावरची आकृती हलल्याचा भास. सोबतीला निवेदन आणि गाणी. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम घेत टिपली, आणि १९१५ मधे आगकाड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली. आगकाड्या! त्याहून स्वस्त नट कुठे मिळेल?

म्हणजे साधन गरीब असणं ही अडचण कधीच नव्हती. उलट भाव पुष्कळदा त्या साधनाच्या खडबडीतपणातूनच आलाय. 'आ-हा' या नॉर्वेच्या बँडचा १९८५ चा 'टेक ऑन मी' आठवतोय? आधी माणसांचं चित्रीकरण करायचं आणि मग त्यातल्या फ्रेमवर पेन्सिलने पुन्हा चित्र काढायचं, या पद्धतीला रोटोस्कोपिंग म्हणतात. सुमारे ३००० चित्रं आणि १६ आठवड्यांचं काम. प्रत्येक चित्र नव्याने काढलेलं, त्यामुळे रेघ जागेवर राहत नाही, थरथरते. आता गोष्ट कुणाची, तर चित्रकथेच्या पानातल्या एका तरुणाची, जो कधीही पुसला जाऊ शकतो. ती थरथरणारी रेघच त्याची भीती सांगते. पुढच्याच वर्षी आलेल्या पीटर गॅब्रिएलच्या 'स्लेजहॅमर' मधे बरोबर उलटं. तिथे माती, फळं आणि खुद्द गायकाचा चेहरा एकेक फ्रेमने हलवलाय. हालचाल झटक्याझटक्याने होते, आणि तो झटका ढोलाच्या ठोक्यावर पडतो म्हणून हसू येतं, पाय हलायला लागतात. एकीकडे खडबडीतपणाने हुरहूर लावली, दुसरीकडे धमाल आणली. दोन्हीकडे स्मूथ करणारं यंत्र फिरवा, म्हणजे दोन्ही गाण्यांवर इस्त्री फिरेल.

आणि आपली 'एक अनेक और एकता'? दूरदर्शनच्या पिढीला तिची आठवण करून द्यायला नकोच. १९७४ ची फिल्म्स डिव्हिजनची छोटी फिल्म, दिग्दर्शन विजया मुळे यांचं, अ‍ॅनिमेशन भीमसैन यांचं, संगीत आपल्या वसंत देसाईंचं आणि आवाज लहानग्या साधना सरगमचा. त्यातली चित्रं पाहा, चौथीतलं पोर काढेल इतकी साधी. पण चिमण्या जाळ्यासकट एकदम उडतात तेव्हा आजही अंगावर काटा येतो. कारण सुरांचं उठणं आणि चिमण्यांचं उठणं एकच आहे. चाल ऐकून कुणीतरी ते ठरवलंय.

'कुणीतरी ठरवलंय', माझं सगळं भांडण या दोन शब्दांसाठी आहे.

आता आक्षेप घेतो, म्हणजे कॉमेंटमधे तुमचा वेळ वाचेल.

"गरीब कलाकाराला एआय परवडतं, अ‍ॅनिमेटर परवडत नाही." मान्य, अ‍ॅनिमेटर परवडत नाही. पण हिशोब करू. तीन मिनिटांचं गाणं म्हणजे १८० सेकंद. सेकंदाला २४ नको, सहाच चित्रं धरा. झाले १०८० फोटो. त्यातला अर्धा वेळ चित्र स्थिर ठेवा, आत्या थांबते तिथे तर ठेवायलाच हवं. उरले ५४०. काळ्या कागदाची कातरचित्रं, खाली काच, त्याखाली दिवा, वर खुर्चीला बांधलेला मोबाईल. रोज ३० फोटो काढले तर १८ दिवसांत गाणं पुरं! लोटे रायनिगर या जर्मन बाईंनी कातरचित्रांवर १९२६ मधे अख्खा सिनेमा केला होता, आपल्याला तर एकच गाणं करायचंय.

"लोकांना तेच आवडतं." कोणत्या लोकांना? आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर वडशाच्या कंपन्यांची नाटकं सुरू झाली की लोक थंडीत रात्रभर बसतात. मागचा पडदा रंगवलेला आहे हे त्यांना दिसत नाही का? दिसतं. तरी नायिका गायला लागली की डोळ्याला पदर लागतो. या लोकांना खोटं चालतं, पण आपल्यासाठी मन लावून केलेलं खोटं चालतं.

"मग यंत्र वापरूच नये का?" वापरा की. फोटो साफ करायला, उजेड सारखा करायला, कंटाळवाण्या मधल्या फ्रेम भरायला खुशाल वापरा. पण काय दाखवायचं आणि कुठे थांबायचं हे त्याच्यावर सोडू नका. गाडीला इंजिन लावा हो, पण कासरा हातात ठेवा.

आणि आता चिडण्याचं दुसरं कारण, जे मला जास्त बोचतं.

त्या यंत्राने महादेव म्हटल्यावर बर्फ काढला, कारण त्याला जगभरातून खाऊ घातलेल्या चित्रांत महादेव बर्फातच बसलेला असतो. आमचा प्रतापगड त्या ढिगाऱ्यात जवळपास नाहीच. म्हणून पळस गेला, धान गेलं आणि दर्गाही गेला. कुणी ठरवून दर्गा वगळला असता, तर त्याच्या दारात जाऊन भांडता आलं असतं. आमच्याकडे वर्षानुवर्षं दोन्ही ठिकाणी नारळ आणि चादर घेऊन जाणाऱ्यांनी त्याला जाब विचारला असता. इथे कुणी ठरवलंच नाही. कुणाचाही वाईट हेतू नसताना आमच्या पहाडीचा अर्धा भाग पुसला गेला, आणि वर दोनशे जणांनी हात जोडले.

लहान पोरं हेच पाहत वाढतायत. चित्र फार पक्कं बसतं मनात, गाण्याबरोबर आलेलं तर जन्मभर. आपल्यातल्या किती जणांना चिमण्या म्हटलं की अजून तेच जाळं दिसतं? तसा या पोरांना प्रतापगड म्हटलं की बर्फ दिसणार असेल, तर यात्रेला येऊन ती म्हणतील, "हा काय महादेवाचा पहाड आहे? टीव्हीवरचा चांगला होता." आत्याचं गाणं ज्या जागेवर उभं आहे, तीच तिच्या नातवंडांना नकली वाटेल.

म्हणून भाचेबुवा, तुम्हाला आणि गाण्याचे व्हिडिओ करणाऱ्या समस्त मंडळींना जाहीर सूचना. आधी डोळे मिटून गाणं दहा वेळा ऐका. कुठे ठोका आहे, कुठे श्वास आहे, ते कागदावर लिहा. जिथे श्वास आहे तिथे चित्र हलवू नका. गाण्यात चंद्र आला म्हणून लगेच चंद्र दाखवू नका, तो ऐकणाऱ्याला दिसतोच आहे. आपल्या गावाचा रंग घ्या. आमच्यासाठी तो पळसाचा केशरी, धसकटांचा पिवळा आणि दिवेलागणीचा काळा. एवढे तीन पुरेत. आणि पहाडीवर जे जे आहे, ते सगळं दाखवा.

काळा कागद अर्जुनीला मिळतो, कात्री आत्याच्या शिलाई मशीनच्या खणात आहे. काच मात्र जपून आणा, मागच्या वेळी सायकलवरून आणताना फोडली होती, ते मी विसरलेलो नाही. :)

असो. कॉमेंटमधे भांडायला मी आहेच.