घोड्याला रेनकोट हवा का?

बालमित्रांनो, पावसाळा जवळ आला की घरात काय गडबड उडते पाहा! माळ्यावरची छत्री खाली येते, तिची मोडकी काडी नीट होते, दप्तराला प्लास्टिकची पिशवी मिळते. शेतावर निघालेले आजोबा पोत्याची खोळ करून डोक्यावर घेतात. आपली सगळ्यांची सोय झाली. पण दाराशी बांधलेल्या मुक्या जनावरांचं काय?

तुम्ही म्हणाल, जनावरांनाही आपण पांघरूण घालतोच की! खरं आहे. पोळ्याला बैलांच्या पाठीवर झूल चढते. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, तिथे घोड्यांचा मोठा बाजार असतो. हे गाव १९९८ पर्यंत आपल्या धुळे जिल्ह्यात होतं, आता नंदुरबार जिल्ह्यात आहे. तिथले सजवलेले घोडे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. पण ती झूल म्हणजे सणाचे कपडे. गोंडे, आरसे, नक्षी! पावसात तिचा काही उपयोग नाही. पावसाचं पांघरूण निराळं असतं.

हा विषय आमच्या चौथीच्या वर्गात निघाला. एका मुलाच्या घरी वरातीची घोडी आहे. तो म्हणाला, "गुरुजी, घोडीले बी थंडी वाजस ना?" त्याच्या घरी वाद चालला होता. वडील म्हणत, प्लास्टिकचा कागद टाकू. आबा म्हणत, घोंगडीच बरी. झालं, वर्गातही दोन पक्ष पडले!

हा वाद साधा नव्हता, बरं का. आषाढात लग्नं थांबतात आणि घोडी दाराशी उभी राहते. तुळशीचं लग्न झालं की पुन्हा वराती सुरू. तेव्हा जिचे केस गळलेत, जिच्या पाठीवर खपल्या आहेत, अशी घोडी कोण बोलावणार? म्हणजे पावसाळ्यात तिची कातडी सांभाळली, तर पुढे घरात चार पैसे येणार.

आता आपण नीट विचार करू या. घोड्याला निसर्गानेच एक रेनकोट दिलेला आहे. त्याचे केस वरून खाली, एका दिशेने बसलेले असतात आणि त्यांवर नैसर्गिक तेलाचा हात असतो. त्यामुळे कौलांवरून ओघळावं तसं पाणी खाली ओघळतं. थंडी वाजली की केस उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये हवा अडकते. ही हवा म्हणजे घोड्याची गोधडीच. तिच्यामुळे अंगातली ऊब बाहेर जात नाही. घोड्याच्या शरीराचं तापमान साधारण ३८ अंश सेल्सिअस असतं, आपल्यापेक्षा थोडं जास्तच.

मग अडचण कुठे येते? पाऊस खूप वेळ लागून राहिला आणि वारा सुटला, की केस भिजून अंगाला चिकटतात. मधली हवा निघून जाते आणि घोडा कुडकुडू लागतो. म्हातारा, हडकुळा किंवा आजारी घोडा आणि लहान शिंगरू यांना हे लवकर बाधतं. धडधाकट घोड्याला कोरडा आडोसा असेल तर पांघरुणाची गरजच पडत नाही. म्हणून पहिला प्रश्न "कोणतं पांघरूण?" हा नाहीच. पहिला प्रश्न "पांघरूण हवं का?" हा आहे.

समजा, हवं आहे. मग आबांची घोंगडी कशी? मेंढीची लोकर मोठी गुणी. स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा ती पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. आपल्या धुळे जिल्ह्यातले ठेलारी मेंढपाळ घोड्यांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरतात. त्यांना विचारा घोंगडीची किंमत! बुरबुर पावसाला ती छान. पण संततधार लागली की घोंगडी पाणी पिऊन जड होते आणि ढगाळ हवेत लवकर वाळतही नाही. मग तेच ओझं थंडगार होऊन पाठीवर बसतं.

आता वडिलांचं प्लास्टिक पाहू. एक सोपा प्रयोग करा. आईकडून दोन पेल्यांत कोमट पाणी घ्या. एका पेल्यावर प्लास्टिकचा तुकडा बांधा, दुसऱ्यावर सुती रुमाल. दहा मिनिटांनी पाहा. प्लास्टिकला आतून थेंब लगडलेले दिसतील. रुमालातून मात्र वाफ निघून गेलेली असेल. घोड्याच्या पाठीवर नेमकं हेच होतं. घोड्याला आपल्यासारखाच घाम येतो. बाहेरचा पाऊस आत येत नाही, पण आतला घामही बाहेर जात नाही! त्यात आपल्या खान्देशात सर थांबून ऊन पडलं की कसं उकडतं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

अशा सतत ओल्या राहणाऱ्या कातडीवर 'डर्मॅटोफिलस' नावाचा जिवाणू वाढतो. पाठीवर खपल्या धरतात आणि खपली निघाली की केसांचा झुबकाच हातात येतो. एकाच खराऱ्याने दोन घोडे घासले तर रोग एकाचा दुसऱ्याला होतो. कधीकधी माणसालाही होतो, म्हणून अशा घोड्याला हात लावला तर साबणाने धुवायचा. खपल्या दिसल्या की घरगुती उपाय करत बसू नये, पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

म्हणजे कापड असं हवं, जे पाण्याला अडवील आणि वाफेला सोडील. असं कापड असतं का? असतं! १८२३ साली चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी रबर लावलेल्या कापडाचं पेटंट घेतलं. त्याने पाणी अडलं, पण वाफही अडली. पुढे १९६९ साली अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी, न चिकटणाऱ्या तव्यावर जो पदार्थ लावतात तोच झटक्यात ताणला. त्याला अतिसूक्ष्म छिद्रं पडली. पाण्याचा थेंब त्यांतून जाऊ शकत नाही, वाफ मात्र जाते. आज अशी 'श्वास घेणारी' कापडं निरनिराळ्या पद्धतींनी तयार होतात आणि घोड्यांची पांघरुणंही त्यांची बनतात.

त्यांच्यावर तीन आकडे असतात. ते वाचता आले की कोणी आपल्याला फसवणार नाही.

पहिला आकडा ग्रॅमचा. आत किती कापूस भरला आहे, ते तो सांगतो. हा कापूस बहुधा कृत्रिम धाग्यांचा असतो. आपल्या पावसाळ्यात शून्य ग्रॅमचं, म्हणजे बिनकापसाचं, हलकं पांघरूण पुरे.

दुसरा आकडा डेनिअरचा. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका डेनिअर. ६०० डेनिअर म्हणजे नऊ किलोमीटर धागा ६०० ग्रॅमचा. आकडा मोठा तर कापड दणकट, पण जडही.

तिसरा आकडा मिलिमीटरचा. ३००० मिलिमीटर म्हणजे त्या कापडावर तीन मीटर उंच, जवळजवळ आपल्या वर्गाच्या छताएवढा, पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाही.

आकडे झाले, आता शिवण पाहा. पाठीच्या मधोमध शिवण असेल तर सुईच्या भोकांतून पाणी आत येतं. नंतर माप घ्या. छातीच्या मध्यापासून बाजूने थेट शेपटीच्या कडेपर्यंत. मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्यावर कापड घासता कामा नये, नाहीतर जखम होते. पोटाखालचा पट्टा इतका सैल हवा की मधून हात सहज जाईल, पण इतकाही नको की घोड्याचा पाय अडकेल.

आणि घालण्याची रीत? ओल्या अंगावर पांघरूण कधी टाकू नये. आधी कोरड्या पोत्याने अंग पुसावं, मग घालावं. पाऊस उघडला की काढावं. दिवसातून दोनदा आत हात घालून पाहावं. ओलं आणि गरम लागलं तर ताबडतोब काढावं.

मग त्या घोडीचं काय झालं? आबा आणि वडील दोघांचंही थोडंथोडं खरं निघालं. वडिलांचं प्लास्टिक घोडीच्या पाठीवर न जाता तिच्या डोक्यावर, बांबूच्या मांडवावर गेलं. खाली मुरूम टाकून उंचवटा केला, म्हणजे पाय चिखलात राहणार नाहीत. तिन्ही बाजू वाऱ्याला मोकळ्या, पावसाच्या झोताकडची तेवढी बंद. आबांची घोंगडी थंड रात्री, अंग कोरडं असेल तेव्हा. महागड्या पांघरुणाची गरज पडली नाही.

पालकांनो, बाजारातलं पांघरूण घ्यायला हरकत नाही, पण कोरड्या जागेची बरोबरी त्याला येत नाही. आधी छप्पर, मग कापड.

आणि मुलांनो, या आठवड्याचा अभ्यास. पेल्यांचा प्रयोग करा. मग मोठ्या माणसाला बरोबर घेऊन आपल्या गल्लीतली गाय, बैल, शेळी, घोडा पावसात कुठे उभे राहतात ते पाहा. पायाखाली कोरडं आहे का? वारा कुठून येतो? वहीत लिहून ठेवा, आणि मालकाला नम्रपणे सांगा. जनावर बोलत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी बोलायला हवं ना?