आधी हात, मग ब्रश

कुंभवलीत संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की कळतं, आमच्या बोईसर-तारापूर पट्ट्यात कुत्री पाळायची हौस किती वाढली आहे. पूर्वी दारातल्या गावठी कुत्र्याला उरलीसुरली भाकरी आणि एक हाक पुरायची. आता सोसायट्यांत आणि चाळींतसुद्धा लॅब्रॅडॉर आहेत, शिह त्झू आहेत. परवा तर एमआयडीसीच्या रस्त्यावर भर उन्हात हातभर जीभ काढून धापा टाकणारा हस्की पाहिला. हौसेला माझी ना नाही. तक्रार एकच आहे, की पिल्लाला अंगाला हात लावून घ्यायची सवय कोणी लावत नाही. पट्टा येतो, गादी येते, वाढदिवसाला केकही येतो. ब्रशसुद्धा आणलेला असतो, पण तो पाकिटातच पडून राहतो. सहा-आठ महिन्यांनी केसांच्या जटा झाल्या की बाहेर निघतो, आणि मग घरात जी झटापट होते ती शेजाऱ्यांनाही ऐकू जाते.

माझी सगळी नोकरी गुरांमध्ये गेली. पशुसंवर्धन खात्यात मी पशुधन पर्यवेक्षक होतो. लाळ्या-खुरकुताची लस, पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्याची लस, २०२२ साली लम्पीची धावपळ. गोठ्यात पाऊल टाकलं की पहिल्या मिनिटाला अंदाज यायचा. ज्या घरात वासराच्या अंगावरून रोज हात फिरायचा, खरारा व्हायचा, पाय उचलून खूर बघितला जायचा, तिथलं जनावर सुई टोचली तरी जागचं हलायचं नाही. ज्याला माणसाचा हात लागायचा तो बांधायला नाहीतर टोचायलाच, त्याला धरायला चार गडी आणि दोरखंड. जात एक, चारा एक. फरक पडायचा तो लहानपणच्या हाताळणीने. कुत्र्याच्या बाबतीत हेच खरं आहे, फक्त तिथे मुदत फार थोडी असते.

ही मुदत किती, यावर अमेरिकेत जुनं आणि चांगलं काम झालेलं आहे. फ्रीडमन, किंग आणि एलियट या तिघांनी १९६१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंच कुंपणाआड पिल्लं वाढवली. खाणंपिणं व्यवस्थित, पण माणसाचा सहवास नाही. मग वेगवेगळ्या वयाला काही पिल्लं आठवडाभर माणसांत आणली. १४ आठवड्यांपर्यंत ज्यांना माणूस मिळालाच नाही, ती पुढे बिथरलेलीच राहिली. स्कॉट आणि फुलर यांच्या १९६५ च्या ग्रंथानेही साधारण हीच खिडकी दाखवली. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहतं, ऐकतं, अंगावर घेतं, ते त्याला आपलं वाटतं. पुढे शिकवता येतच नाही असं नाही, पण मेहनत कितीतरी पट वाढते.

आता आपल्याकडचा हिशेब मांडा. २०१७ च्या श्वानप्रजनन आणि विक्रीच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणजे ते घरी येतं तेव्हा अर्धी मुदत संपलेली असते. उरलेले चार-सहा आठवडे पार्वो या रोगाच्या भीतीने त्याला बाहेर नेत नाहीत. लसीचे डोस पुरे व्हायचे असतात, तेव्हा तेही बरोबर. पण बाहेर जायचं नाही म्हणून काहीच शिकवायचं नाही, हे कुठलं शास्त्र? ब्रश घरातच फिरवायचा आहे. कान, दात आणि पंजे घरातच बघायचे आहेत. पिल्लू घरात अडकलेलं असतं तेच दिवस या कामाचे.

हे काम शेजारच्या दहावीतल्या एका मुलीकडून मी करून घेतलं. तिच्या पिल्लाचं नाव चिकू. डहाणू-घोलवडचा माल जवळच पिकतो आणि रंगही तोच, म्हणून चिकू. लांब केसांचं, थोडं पॉमेरेनियनच्या वळणाचं. ती पहिल्यांदा ब्रश घेऊनच आली. "काका, हा ब्रश बघितला की पलंगाखाली जातो." मी म्हटलं, ब्रश कपाटात ठेव आणि एक अंडं उकड.

गुळगुळीत फरशीवर पिल्लाचे पाय सरकतात आणि ते आधीच धास्तावतं, म्हणून ओट्यावर गोणपाट टाकलं. पहिले काही दिवस नुसता हात. खांद्याला हात लावायचा, मग अंड्याचा वाटाण्याएवढा तुकडा द्यायचा. आधी स्पर्श, मग खाऊ, हा क्रम मोडायचा नाही. आधी खाऊ दाखवून मागून हात घातला, तर पिल्लू खाऊवरच संशय घ्यायला शिकतं. खांद्यावरून पाठ, पाठीवरून पोट, मग कान उलटून आत बघायचं, ओठ वर करून हिरडी बघायची. सगळ्यांत नाजूक जागा पंजा. पंजा मुठीत आवळायचा नाही. तळहातावर ठेवायचा आणि बोटाच्या गादीवर अंगठ्याने हलकेच दाबायचं, की नख आपसूक पुढे येतं. एक नख बघितलं, एक तुकडा, झालं. कापायची कात्री अजून यायचीच आहे.

ब्रश त्यानंतर. तो आधी गोणपाटावर नुसता ठेवायचा, वास घेऊ द्यायचा. मग पाठीकडची बाजू अंगाला लावायची, दातांची नाही. मग केसांच्या दिशेने एकच हात, आणि थांबायचं. पिल्लू कंटाळायच्या आत आपण उठायचं, हा यातला खरा कस. लहान केसांच्या कुत्र्याला रबरी ब्रश पुरतो. लांब केसांच्या कुत्र्याला तारांचा ब्रश आणि वर स्टीलचा कंगवा लागतो, कारण जटा वरून दिसत नाहीत. त्या कानामागे, काखेत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला कातडीलगत बसतात. दमट हवेत तिथे ओल धरते आणि खाली कातडी लाल होते. जट ओढायची नाही. मुळाशी दोन बोटांनी केस धरून टोकाकडून सोडवत आणायची, म्हणजे ओढ कातडीपर्यंत पोचत नाही.

खाऊ म्हणून सातपाटी-मुरब्याची खारवलेली मासळी देऊ नका, त्यात मीठ फार. उकडलेलं अंडं किंवा कोंबडीचा बिनमसाल्याचा तुकडा उत्तम.

पिल्लू नको म्हणतं ते तोंडाने फार उशिरा. आधी मान वळवतं, ओठ चाटतं, झोप आलेली नसताना जांभई देतं, अंग ताठ करतं. तिथे थांबलात तर पुढचं काही होत नाही. न थांबल्यास ते गुरगुरतं, आणि इथे आपल्याकडचे बाप्ये हमखास फटका मारतात, "मालकावर गुरगुरतो?" म्हणून. गुरगुरणं ही ताकीद असते. ती मारून बंद केली की कुत्रं गुरगुरायचं सोडतं आणि थेट चावतं. वर आपण लोकांना सांगतो, "काही कारण नसताना चावला."

काहीजण म्हणतील, गावाकडच्या कुत्र्याला कसले हे लाड? कबूल आहे, आखूड केसांच्या गावठी कुत्र्याला रोज विंचरायची गरज नाही. पण गोचीड जात बघत नाही, आणि आमच्या दमट हवेत तिला हवं तसं रान मिळतं. तपकिरी गोचीड पंजाच्या बेचक्यात, कानाच्या आत, पट्ट्याखाली दडते. तिच्यातून एर्लिकिया आणि बबेसिया या जंतूंचे रोग होतात, लोक त्यांना सरसकट टिक फिव्हर म्हणतात. कुत्रं खायचं सोडतं, ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. वेळेत कळलं तर उपचार आहेत. वेळेत कळणार कधी, तर रोज कोणाची तरी बोटं केसांतून फिरत असतील आणि ओठ वर करून हिरडी बघता येत असेल तेव्हा. जे कुत्रं ओठाला हात लावू देत नाही, त्याचं दुखणं ते आडवं पडल्यावरच कळतं. मग जवळपास सोय झाली नाही की मुंबईत परळच्या जनावरांच्या पेटिट रुग्णालयाची वाट, म्हणजे शंभरेक किलोमीटर.

हात लावू देत नाही म्हणून लोक जे उपाय करतात ते आणखी भयंकर. रॉकेल चोळतात, फिनेलच्या पाण्याने धुतात. गोठ्यातलं गोचिडांचं औषध अंदाजाने बादलीत ओतून त्यात पिल्लू बुचकळतात. गुरांचं प्रमाण तीन किलोच्या जिवाला कसं चालेल? कुत्रं अंग चाटतं आणि ते सगळं पोटात जातं. दिसलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी, बोटांनी चिरडू नये, आणि औषध डॉक्टरांनी पिल्लाच्या वजनाप्रमाणे दिलेलंच वापरावं.

दुसरा मोह म्हणजे हस्कीसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्याला उन्हाळ्यात टक्कल करणं. वरचे केस उन्हापासून कातडी वाचवतात. काढायचे ते आतले सुटलेले मऊ केस, आणि ते ब्रशनेच निघतात.

वेळ नाही, ही सबब मी रोज ऐकतो. इथे निम्मी घरं शिफ्टवर चालतात, फर्स्ट, सेकंड, नाइट. पण या कामाला दोन मिनिटं लागतात आणि ती तासभरापेक्षा बरी. घरात माणसं पाळीने येतात याचा फायदाच आहे. एकानेच हाताळलं तर पिल्लू त्या एकालाच अंगाला हात लावू देतं. आई, वडील, आजी, मुलं अशी सगळ्यांची बोटं त्याला ओळखीची झाली, तर उद्या डॉक्टरांची बोटंही परकी वाटत नाहीत. फक्त लहान मुलांना एकटं सोडू नये.

कुत्र्यांच्या पार्लरवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सहा महिने केसाला हात न लागलेलं कुत्रं तुम्ही त्यांच्या टेबलावर आणून ठेवता, आणि तासाभरात आंघोळ, ड्रायर, नखं, कान सगळं मागता. गळ्यात फास अडकवून आणि तोंड बांधून उरकण्याशिवाय ते दुसरं काय करणार? ड्रायरचा आवाजसुद्धा पिल्लूपणीच, दुसऱ्या खोलीत लावून, त्याच्या जेवणाच्या वेळी ऐकवायचा असतो. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून जनावरांचे डॉक्टर घडवतं आहे, पण डॉक्टर कितीही हुशार असला तरी जनावर जवळ येऊ देईल तेवढंच त्याला दिसतं.

म्हणून पशुवैद्यकांना आणि पिल्लं विकणाऱ्यांना माझी एक सूचना आहे. पिल्लाच्या लसीकरण कार्डावर लसींच्या तारखा असतात, वजन असतं, जंताच्या औषधाची नोंद असते. त्यावर आणखी एक रकाना छापा: कान, तोंड, पंजे, शेपूट तपासू देतं का? पिल्लू विकताना विक्रेत्याने तो भरावा आणि प्रत्येक लसीच्या वेळी डॉक्टरांनी पुन्हा भरावा. "नाही" आलं तर मालकाला तिथेच दोन मिनिटं शिकवावं. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास असते, तोवर मुदत पुरती संपलेली नसते. छपाईचा खर्च शून्य आहे. कुत्रं चावतं म्हणून रात्री एमआयडीसीच्या रस्त्यावर सोडून दिली जाणारी जनावरं त्याने थोडी कमी झाली, तरी रकाना वसूल.