दान कोणासाठी?

श्रावणातील शेवटच्या सोमवारी अकोल्यात राजराजेश्वराच्या कावडी येतात. गांधीग्राम येथून पूर्णेचे पाणी खांद्यावर घेऊन हजारो तरुण रात्रभर चालतात आणि त्यांच्या वाटेवर चहा-फराळ वाटणाऱ्यांची गर्दी असते. आषाढी वारीसाठी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी अकोल्यात मुक्कामाला आली, की पुन्हा तेच दृश्य दिसते. वऱ्हाडचा बहुतांश शेतकरी कोरडवाहू जमिनीवर जगतो, कापसाच्या भावावर त्याचे वर्ष तरते किंवा बुडते; तरीही या प्रदेशाला देण्याची सवय नाही, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न निराळाच आहे. हे देणे नेमके कोणासाठी असते?

या प्रश्नावर आपल्याकडे दोन ठरावीक मते ऐकू येतात. बुद्धिवादी म्हणतात, पुण्याच्या आशेने केलेले दान हा व्यवहार होय. त्यात प्रेम कुठले? श्रद्धावान म्हणतात, भुकेल्याच्या पोटात अन्न गेले ना, मग देणाऱ्याच्या मनात डोकावण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. हेतू अशुद्ध म्हणून अन्न विटाळत नाही, हे खरे. परंतु हेतूचा परिणाम केवळ दात्याच्या मनापुरता राहत नाही. काय द्यायचे, केव्हा द्यायचे आणि कोणाला द्यायचे, हे तोच ठरवीत असतो.

अर्थशास्त्राला या विषयात बोलण्याचा थोडा अधिकार आहे. जेम्स अँड्रिओनी या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1990 साली असे मांडले, की माणूस केवळ दुसऱ्याचे भले व्हावे म्हणून देत नाही. देण्यामुळे त्याला स्वतःला जी ऊब लाभते, तिच्यासाठीही तो देतो. यात निंदा नाही, निरीक्षण आहे. मात्र त्यापासून निघणारा निष्कर्ष गंभीर आहे. बाजारात जो पैसे मोजतो तोच माल वापरतो, म्हणून वस्तू त्याच्या गरजेनुसार तयार होते. दानात पैसे एकाचे आणि गरज दुसऱ्याची. साहजिकच पुरवठा गरजूच्या गरजेनुसार न होता दात्याच्या गरजेनुसार होतो. दात्याला पुण्य हवे असेल तर पुण्यकाळात आणि पुण्यक्षेत्रात दानाचा महापूर येतो. एरवी कोरड असते. श्रावणात रस्त्यावर पत्रावळी पडून राहतात. वैशाखात आजारी माणसाला घेऊन मेळघाटातून शहराच्या सरकारी रुग्णालयात आलेला कोरकू बाप मात्र रात्री कुठे टेकेल आणि काय खाईल, याचा विचार कोणाच्याही व्रतात बसत नाही.

धर्मांना ही अडचण ठाऊक नव्हती असे नव्हे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांत फळाची किंवा परतफेडीची अपेक्षा ठेवून केलेल्या दानाला राजस म्हटले आहे. इस्लाममध्ये जकात ही श्रीमंताची मेहेरबानी मानली जात नाही, ती संपत्तीतील गरिबाचा हक्क मानली जाते. ख्रिस्ताने गाजावाजा करून दिलेल्या भिक्षेचा निषेध केला. म्हणजे धर्मवचने निरपेक्ष देण्याच्या बाजूची आहेत. परंतु आचारात आपण दानाचे हिशेबखाते उघडले. शिवाय शास्त्रातील ‘सत्पात्री’ या शब्दाचा अर्थ व्यवहारात जातीने लावला गेला आणि ज्याला सर्वांत अधिक गरज तोच अपात्र ठरला.

ही गाठ वऱ्हाडच्याच एका निरक्षर माणसाने सोडविली, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे 1876 साली जन्मलेले आणि मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यास मामाच्या घरी वाढलेले डेबूजी, म्हणजेच गाडगेबाबा. सावकारी कर्ज कुणब्याचे शेत कसे गिळते, हे त्यांनी मामाच्या घरी पाहिले होते. पूर्णाकाठच्या ऋणमोचन येथे पौषातील रविवारी यात्रा भरते. नावाप्रमाणे तेथे स्नान केले की ऋणातून मुक्ती मिळते, अशी श्रद्धा. गाडगेबाबांनी त्या श्रद्धेची टवाळी केली नाही. चिखलात यात्रेकरू, विशेषतः बायाबापड्या घसरून पडतात हे पाहून त्यांनी तेथे घाट बांधण्याचे काम हाती घेतले. लोक आपले ऋण फेडायला नदीवर येत होते. बाबांना लोकांचे ऋण फेडायचे होते.

पुढे त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा क्षेत्रांच्या ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. पैसा कोणाचा? पुण्य हवे असणाऱ्या श्रद्धाळूंचाच. पण तो पैसा त्यांनी गरजेकडे वळविला. मुंबईस जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात त्यांची धर्मशाळा उभी राहिली ती यात्रेकरूंसाठी नव्हे, रुग्णांच्या नातलगांसाठी. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. लाखो रुपयांच्या इमारती उभ्या राहिल्या, परंतु बाबांच्या हाती अखेरपर्यंत खराटा आणि गाडगेच राहिले. ते कोणाला पाया पडू देत नसत, कोणाला शिष्य करीत नसत. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या खाती काहीही जमा नव्हते. धर्मप्रेरणेचा पैसा त्याज्य नाही, त्याची दिशा बदलता येते, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखविले.

संस्थांच्या पातळीवरही हे घडू शकते. डॉ. पंजाबराव देशमुखांनी 1932 साली अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. देवस्थानांची संपत्ती लोकोपयोगी कार्यासाठी वापरली जावी, असा आग्रहही त्यांनी त्याच काळात धरला आणि त्यापायी रोष पत्करला. नंतरच्या काळात शेगावच्या गजानन महाराज संस्थानाने वैद्यकीय सेवा सुरू केल्या, अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. भाविकाने पेटीत टाकलेला रुपया तेथे औषधाच्या आणि शिक्षणाच्या रूपाने परततो.

परंतु दान कितीही सुयोग्य असले, तरी दान आणि प्रेम एक नव्हेत. दान एका क्षणात पूर्ण होते. प्रेमाला मुदत नसते. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव तथा दाजीसाहेब पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी जे केले ते अन्नछत्र नव्हते. समाजाने टाकलेल्या माणसांना त्यांनी काम दिले, आणि स्वतःच्या हाताने मिळविण्याचा मान परत दिला. घेणारा कायमचा याचक राहू नये, ही त्यामागची दृष्टी होती.

अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथील शंकरबाबा पापळकरांचे उदाहरण याहून बोलके आहे. बेवारस सोडलेल्या मूकबधिर, अंध, मतिमंद मुलांना त्यांनी आश्रय दिला आणि पित्याचे नाव म्हणून स्वतःचे नाव लावले. वयाची अठरा वर्षे पूर्ण होताच बालगृहातून बाहेर पडण्याचा जो नियम आहे, तो अशा मुलांच्या बाबतीत किती निर्दय ठरतो, हे ते सतत सांगत आले. आणि आपल्या मुलांना त्यांनी घराबाहेर काढले नाही. 2024 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर, शाळेच्या खोलीवर, पाणपोईवर दात्याचे नाव कोरलेले असते. दाता सहसा नाव घेतो. या माणसाने नाव देऊन टाकले. निरपेक्ष प्रेमाची व्याख्या करायची झाल्यास मी याहून अधिक काही सांगू शकणार नाही.

यावर असा आक्षेप येईल की ही सारी शासनाची कामे आहेत, दानाने ती झाकली जातात आणि नागरिकाचा हक्क भिक्षेच्या पातळीवर उतरतो. आक्षेप रास्त आहे. आरोग्य, शिक्षण आणि पिकाला भाव या गोष्टी दयेवर सोडता येणार नाहीत. परंतु शासन नियमाने चालते, आणि नियमाला वझ्झरच्या मुलाचा बाप होता येत नाही. हक्क शासनाने द्यावेत. आपलेपण माणसांनीच द्यावे लागते.

म्हणून वऱ्हाडातील मंडळांना, देवस्थानांना आणि मशिदी-विहारांच्या विश्वस्तांनाही एक विनंती करावीशी वाटते. श्रद्धेने जमणाऱ्या निधीचा काही ठरावीक भाग सणाबाहेरच्या दिवसांसाठी राखून ठेवावा. रुग्णांच्या नातलगांना बारमाही निवारा आणि दोन वेळचे जेवण, नापिकीच्या वर्षी खेड्यातून शिकायला आलेल्या मुलामुलींची खानावळ, वडिलांच्या आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या कुटुंबाची दोनचार वर्षांची जबाबदारी, अशी कितीतरी कामे समोर आहेत. त्यांत मिरवणूक नाही, कदाचित फलकही नाही. पुण्य आहे की नाही, ते शास्त्रज्ञ ठरवोत. एवढे मात्र खात्रीने सांगता येईल, की अशा कामांत घेणाऱ्याची गरज आधी पाहिली जाईल आणि घेऊन उठताना त्याची मान खाली जाणार नाही.