डब्ल्यूने सुरू होणारे दहा शब्द

मंडळी, आज जरा डोकं तापलंय, सांभाळून घ्या.

दिवाळीत देवळाली प्रवराला ताईकडे गेलो होतो. भाचा तिसरीत. सुट्टीचा अभ्यास म्हणजे एकेका अक्षराने सुरू होणारे दहा इंग्रजी शब्द, आणि खाली दोन रकाने: नाम, क्रियापद. जुनी वही चाळताना दिसलं की 'वॉटर' दोन्ही रकान्यांत होता. क्रियापदाच्या रकान्यातल्यावर लाल फुली, शेजारी 'चूक'.

चूक कशी? त्याच्या गोष्टीच्या पुस्तकात झारी घेतलेल्या मुलीच्या चित्राखाली 'शी वॉटर्स द प्लांट्स' असं छापलंय. तिथे 'वॉटर' हे चोख क्रियापद आहे. आणि 'प्लांट' तरी नुसतं रोपटं कुठे आहे? लावणीही तोच शब्द करतो. 'केन' म्हणजे दारातला ऊस, आणि 'केन' म्हणजे छडीने मारणंही. (आमच्या पिढीला दोन्ही अर्थ मुखोद्गत!) मराठीत पाण्याचं क्रियापद करायला 'पाणावणे' असं रूप बदलावं लागतं. इंग्रजीला ती गरज नाही, ती शब्दाची फक्त जागा बदलते. मग वाक्यातून उचकटलेला शब्द रकान्यात टाकायचा तरी कसा?

मी भाच्याला विचारलं, "'खेळ' हे नाम की क्रियापद?"

"कोणता खेळ, मामा? 'खेळ संपला' मधला, की 'तू खेळ' मधला?"

घ्या! जे पोराला आईच्या भाषेत आपोआप कळतं, ते इंग्रजीच्या तासाला विसरायला लावायचं आणि त्याचे मार्क कापायचे.

अक्षराचं खूळही तसंच. आपली वर्णमाला तोंडातल्या उच्चारस्थानांप्रमाणे लावलेली. कंठातून क, ओठांतून प. त्यामुळे आपलं पोर अक्षर म्हणजे आवाज असं धरून चालतं. ('चंद्र' आणि 'चमचा' यांतला च वेगळा आहे, हे मान्य.) ते 'फोन' एफमध्ये शोधतं, 'नाइफ' एनमध्ये. एक्सच्या आठवड्यात तर झायलोफोन! ते वाद्य आमच्या ताईनेही कधी पाहिलेलं नाही, आणि उच्चार पुन्हा झेडचा. पहिलं अक्षर शब्दकोशात शब्द सापडावा म्हणून असतं. बोलताना डब्ल्यूचे शब्द आठवून कोण बोलतं?

आम्ही इंग्रजी पाचवीत सुरू केलं. २००० सालापासून ते मराठी शाळांत पहिलीपासून आलं, तेव्हा मी खूश झालो होतो. पोरांना चार वर्षं जास्त मिळाली. पण ती अशा याद्यांत घालवायची असतील तर काय उपयोग? बाईंना दोष देत नाही. चाळीस वह्या तपासायच्या तर रकाना सोपा पडतो, वाक्य वाचायला वेळ लागतो. पण म्हणून बरोबर उत्तराला फुली?

ताई म्हणाली, "जाऊ दे रे, शाळेत जाऊन भांडू नकोस." भांडलो नाही. भाच्याला म्हटलं, लाल फुलीखाली ते वाक्य लिही, आणि शाळा उघडली की बाईंना नम्रपणे दाखव.

काल ताईचा फोन आला होता. त्याने अजून दाखवलेलं नाही, घाबरतोय.