गाण्याचे सोवळे

आपल्या घरांतून गाण्याविषयी एक समजूत फार दिवसांपासून ठाण मांडून बसली आहे. ख्याल सर्वांत वरचा, नाट्यपद त्याच्या खालचे, भावगीत त्याहून खालचे, आणि पाश्चात्त्य ठेक्यावरचे चित्रपटगीत तर मुलांनी गुणगुणूही नये असे! या पायऱ्यांची जो सरमिसळ करील तो कलेशी प्रतारणा करतो, असे मानणारी वडीलधारी मंडळी काही थोडी नाहीत. या समजुतीत तथ्य किती, हे पडताळून पाहावयाचे तर श्रीमती आशा भोसले यांच्या चरित्राइतके बोलके उदाहरण मराठी माणसाला क्वचितच सापडेल.

८ सप्टेंबर १९३३ रोजी सांगली येथे जन्मलेल्या आशाताई मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या कन्या. म्हणजे त्यांचे बाळकडू नाट्यसंगीताचे. ज्याला आपण आज शुद्ध, घरंदाज नाट्यसंगीत म्हणतो ते तरी मुळात काय होते? १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यात कीर्तनातली साकी-दिंडी होती, लावणीची चाल होती, कर्नाटकातल्या चालीही होत्या. १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी उत्तरेकडील ठुमरी-टप्प्यांचे रंग भरले. आजोबांच्या तरुणपणी जी सरमिसळ होती तिलाच नातवंडांच्या काळी परंपरा म्हणतात, हे आपण विसरतो.

पित्याचे छत्र मात्र आशाताईंना फार काळ लाभले नाही. १९४२ साली दीनानाथ निवर्तले, तेव्हा त्या अवघ्या आठ वर्षांच्या होत्या. दुसऱ्याच वर्षी, १९४३ साली, ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटासाठी त्यांनी पहिले गीत गायिले. १९४९ मध्ये, सोळाव्या वर्षी, घरच्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांनी गणपतराव भोसले यांच्याशी विवाह केला. तो संसार सुखाचा झाला नाही. १९६० च्या सुमारास त्या मुलांना घेऊन माहेरी परतल्या आणि तीन अपत्यांच्या पालनपोषणाचा भार त्यांच्यावर पडला. त्या काळी नायिकेची गाणी बहुधा लतादीदी, गीता दत्त यांसारख्या प्रतिष्ठित गायिकांकडे जात. आशाताईंच्या वाट्याला येत ती लहानसहान चित्रपटांतली, खलनायिकांची आणि नर्तकींची गाणी. म्हणजे ज्याला आपण पुढे त्यांचे अष्टपैलुत्व म्हणून गौरविले, त्याची सुरुवात हौसेतून नव्हे, निकडीतून झाली होती.

परंतु निकड पुष्कळांना असते. तिचे सोने सर्वांना करता येत नाही. आशाताईंनी ते कसे केले, हाच या लेखाचा खरा प्रश्न आहे. माझ्या मते त्याचे उत्तर एकच : कोणतेही गाणे त्यांनी हलके मानून गायिले नाही. १९५७ च्या ‘नया दौर’मध्ये ओ. पी. नय्यर यांच्या ठेकेदार चालींवर त्यांनी नायिकेची गाणी गायिली आणि त्यांचे स्थान पक्के झाले. १९६६ च्या ‘तीसरी मंजिल’मध्ये राहुलदेव बर्मन यांच्या चाली पाश्चात्त्य नृत्याच्या वळणाच्या होत्या. त्या गळ्यावर चढविण्यासाठी त्यांनी एखादी बंदिश घोटावी तशी तालीम केली. पुढे १९८१ च्या ‘उमराव जान’साठी संगीतकार खय्याम यांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गावयास लावले. त्या खोल, संयत स्वरातल्या गझलांनी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. त्यानंतर काही वर्षांनी ‘इजाजत’च्या गाण्यासाठी त्यांना तोच मान पुन्हा लाभला.

आपण हैदराबादकरांनी तर या गझलांकडे विशेष कान देऊन पाहावे. उर्दू ऐकणे आणि उर्दूचे शीन-काफ जिभेवर नीट वळविणे यांत केवढे अंतर आहे, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? सांगलीच्या मुलीने ते अंतर कष्टाने कापले. श्याम बेनेगल यांच्या १९८३ च्या ‘मंडी’ चित्रपटात आपल्याच शहराचे कवी मख्दूम मोहिउद्दीन यांचे काव्यही त्यांच्या कंठातून उमटले आहे.

साठी उलटल्यावरही हे शिकणे थांबले नाही. १९९५ साली ‘रंगीला’तल्या तरुण नायिकेसाठी त्यांनी गायिले; १९९६ साली सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांच्यासह पारंपरिक बंदिशींची ‘लेगसी’ ही ध्वनिमुद्रिका केली; आणि २००५ साली अमेरिकेतील ‘क्रोनॉस’ या तंतुवाद्यांच्या चौकडीबरोबर राहुलदेवांची गाणी नव्याने गायिली. या दोन्ही ध्वनिमुद्रिकांना ग्रॅमी पुरस्कारासाठी नामांकन मिळाले. ज्या गळ्याने नृत्यगीत गायिले त्याला बंदिश वर्ज्य झाली नाही, हे आमच्या पायऱ्या मोजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

हा वाद केवळ आपल्याकडेच आहे असेही नाही. स्पेन देशात रोसालिया नावाची एक तरुण गायिका आहे. तिने तेथील फ्लामेंको या जुन्या गानप्रकाराचे संगीत महाविद्यालयात रीतसर शिक्षण घेतले आणि २०१८ सालच्या ‘एल माल केरेर’ या गीतसंग्रहात त्याची आधुनिक लोकप्रिय संगीताशी सांगड घातली. जग तिच्यावर लुब्ध झाले. पण फ्लामेंको ज्या समाजाने जतन केले त्यातील काहींनी, आमचे धन बाहेरच्यांनी उचलले, असा आक्षेपही घेतला. तो आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दुसऱ्याच्या अंगणातले फूल घ्यावयाचे तर त्या झाडाला आधी पाणी घालावे लागते. म्हणून प्रत्येक मिश्रण चांगलेच असते, असे मी मुळीच म्हणत नाही. जुन्या गाण्याला ढोल जोडून दिला की नवनिर्मिती झाली, असे समजणाऱ्यांचा सुळसुळाट आपणही पाहतो. कसोटी एवढीच की, जे दोन प्रवाह एकत्र आणावयाचे त्या दोहोंत गायक स्वतः पोहला आहे काय?

आता थोडे खाजगी जीवनाविषयी. कलावंत स्त्रीच्या संसाराची चर्चा तिच्या गाण्याहून अधिक चवीने करण्याची आपल्याकडे खोड आहे. आशाताईंचा पहिला विवाह, मग १९८० साली राहुलदेवांशी झालेला दुसरा, यावर जेवढे बोलले गेले तेवढे त्यांच्या तालमीवर बोलले गेले नाही. १९९४ साली राहुलदेव गेले. २०१२ मध्ये कन्येचा आणि २०१५ मध्ये ज्येष्ठ पुत्राचा वियोग त्यांनी सोसला. काही जण म्हणतात, दुःखामुळेच असा सूर लागतो. हेही मला मान्य नाही. दुःखाने गळा तयार होत नसतो. तो मेहनतीने होतो. सोळाव्या वर्षी संसारात पडलेल्या कितीतरी मुलींचा आवाज चार भिंतींआड कायमचा मिटला, त्यांची गणती कोणी ठेवली आहे? एकीने वाट काढली म्हणून ती वाट सोपी ठरत नाही.

विद्यार्थी मित्रहो, आपण नारायणगुड्यात राहतो. घरात मराठी, शेजारी तेलुगू, बाजारात दखनी. त्या दखनीतला ‘नक्को’ हा आपल्याच ‘नको’चा भाऊ आहे, आणि तिच्या बोलण्यात ठायी ठायी येणारा ‘च’ही मराठीचाच. ज्यांची रोजची बोली अशी एकमेकींच्या ओट्यावर वाढली, त्यांनी गाण्याला सोवळे नेसवावे हे शोभत नाही. मात्र चार भाषा अर्ध्यामुर्ध्या बोलणे म्हणजे संगम नव्हे. एक तरी मुळापासून शिका. मग दुसरीकडे आदराने जा.

आणि पालकांना एक विनंती. नववी-दहावीचे वर्ष आले की घरातील पेटी कपाटावर चढते, मुलीची तर आधी चढते. ती चढवू नका. रोज अर्धा तास रियाजाला दिल्याने गुणपत्रिकेचे फारसे काही बिघडत नाही. मूल यमन घोटते की चित्रपटातले गाणे, याची चौकशी मागाहून करा. ते मन लावून घोटते आहे ना, एवढे आधी पाहा.