आठ बारांत न मावणारं गाणं

माझ्या ओळखीतल्या, संगीताचा नाद असलेल्या इंजिनिअर मंडळींचं एक लाडकं वाक्य आहे: 'आधी सेटअप नीट होऊ दे, मग रेकॉर्ड करू.' सेटअप म्हणजे भिंतीवर काळा फोम, दोन मॉनिटर स्पीकर, महागडा माइक आणि हे सगळं ठेवायला हिंजवडीत वेगळी खोली. खोली मिळेपर्यंत दोन अप्रेझल जातात. गावाकडे तेवढ्या काळात दोन म्हाताऱ्या जातात आणि त्यांची गाणीही त्यांच्याबरोबर जातात. हा हिशोब कुणी मांडत नाही, म्हणून मी मांडतोय.

मी तामलवाडीचा. सोलापूरहून तुळजापूरला निघालात की वाटेत आमचं गाव लागतं. बहुतेकांना ते टोलनाक्यामुळे माहीत असतं. नवरात्र उरकून कोजागिरी जवळ आली की या रस्त्यावरची वाहतूक वळवतात आणि सोलापूरपासून तुळजापूरपर्यंत माणसंच माणसं चालत असतात, कर्नाटकातूनही येतात. त्या गर्दीत आराधी असतात. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, सोबत झांज, तुणतुणं, संबळ. आमच्या घरातही आराधी आहे, माझी चुलत आजी. तिची गाणी कुठल्याही वहीत नाहीत. तिलाही ती सलग 'पाठ' नाहीत. एक कडवं गायलं की पुढचं येतं, मधेच थांबवलं की जातं.

अशा ठिकाणी टॅब हाच स्टुडिओ आहे, हे माझं म्हणणं आहे. तात्पुरता नाही, 'बजेट'मधला नाही, दुधाची तहान ताकावर भागवणारा नाही. या कामापुरता तो सोलापूर-पुण्याच्या बंद खोलीपेक्षा सरस स्टुडिओ आहे.

खोलीचं काय होतं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या चार बायका एका स्टुडिओत गाणं 'मारायला' गेल्या होत्या. मी सोबत होतो. तिथल्या माणसाने आधी त्यांच्या हातातल्या झांजा काढून घेतल्या, कारण झांजेचा आवाज गाण्याच्या माइकमध्ये घुसतो. मग एकेकीला काचेच्या खोलीत उभं केलं, कानावर हेडफोन चढवला आणि हेडफोनमध्ये टिक-टिक सुरू केली. तासावर पैसे, म्हणून घाई. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने त्याचं काही चुकलं नाही. पण आराधी गाणारी बाई स्वतःच झांज वाजवते. श्वास कुठे घ्यायचा, ओळ कुठे ओढायची हे तिचे हात ठरवतात. झांज काढली की तिची लय काढली. आणि झील धरणाऱ्या बायका काचेपलीकडे असतील तर ती ओळ टाकणार कुणाच्या अंगावर? निघालेलं गाणं अगदी स्वच्छ होतं. धुतलेल्या भांड्यासारखं, आत काही नाही.

टॅब मात्र ओसरीवर येतो. त्यात पंखा नसतो, त्यामुळे लॅपटॉपची घरघर रेकॉर्डिंगमध्ये उतरत नाही. वीज गेली तरी तो चालतो, आणि आमच्याकडे वीज जाते. दोन इनपुटचा छोटा ऑडिओ इंटरफेस त्याला थेट जोडता येतो, ड्रायव्हर घालायची कटकट नाही. एक माइक गाणारीकडे, दुसरा संबळाकडे; झांज दोन्हीत येऊ दे, ती यायलाच हवी. 'लेटन्सी'चा बागुलबुवाही आता पुरे. ४८ हजार सॅम्पल रेटवर २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे सव्वापाच मिलिसेकंदांचा उशीर. एवढ्या वेळात आवाज हवेतून पावणेदोन मीटर जातो. येणं-जाणं धरून दुप्पट-अडीचपट करा, तरी संबळवाला अंगणाच्या त्या टोकाला उभा राहिल्याइतकाच फरक. पिढ्यान्‌पिढ्या तो तिथेच उभा राहतोय. (ब्लूटूथ हेडफोन मात्र लावू नका. त्यातला उशीर दीडशे मिलिसेकंदांच्या घरात जातो, मग कसली लय.)

गोरिलाझ या ब्रिटिश बँडने २०१० मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात अख्खा अल्बम बहुतांशी आयपॅडवर केला, तेव्हा जगाने त्याला प्रयोग म्हटलं. त्यानंतर तीन-चार महिन्यांत आयपॅडवर गॅरेजबँड आलं, २०१७ पासून ते सगळ्यांना फुकट आहे. २०२३ मध्ये लॉजिक प्रोसुद्धा आलं, तेही मासिक भाड्याने, म्हणजे हप्ता थांबला की स्टुडिओला कुलूप. भाड्याच्या सॉफ्टवेअरवर आयुष्यभराचं काम ठेवू नका, हे मी त्याच धंद्यात नोकरी करतो म्हणून सांगतोय. आणखी एक. ॲपल स्वतःच सांगतं की आयपॅड वापरायचा तो ३५ अंश तापमानापर्यंत. मराठवाड्यातला मे महिना त्यांच्या हिशोबात नाही. दुपारी उन्हात ठेवलात तर पडदा काळा करून इशारा देतो. आमच्याकडे रेकॉर्डिंग रात्री होतं. गाणीही रात्रीचीच आहेत, म्हणून निभतं.

इथपर्यंत वाचून टॅबवाले खूश झाले असतील, तर आता त्यांच्याकडे वळतो.

गॅरेजबँड उघडलं की आधीपासून काय ठरलेलं असतं ते बघा. चार-चारचा ठेका, सी मेजर, चालू मेट्रोनोम आणि आठ बारांचा सेक्शन. आठ बार म्हणजे पंधरा-वीस सेकंद. सेटिंग बदललं नाही तर आठव्या बारला गाणं तुटतं आणि काटा परत पहिल्यावर उडी मारतो. माझ्या चुलतभावाने टॅब तसाच समोर ठेवला होता, आजीने डोळे मिटून आळवणी सुरू केली होती. 'आरं, आई आत्ता कुठं येशीत आली, अन् तू थांबिवलंस?' ती म्हणाली. हे मला एखाद्या चांगल्या बग रिपोर्टसारखं वाटतं. गाणं म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवायचा तुकडा, असं कुणीतरी गृहीत धरलंय. ते गृहीतक कॅलिफोर्नियातल्या बीट बनवणाऱ्या पोराला सोयीचं आहे. देवीला बोलावणाऱ्या बाईला नाही.

हीच गोष्ट ग्रिडची. संबळाचे दोन तोंडांचे दोन आवाज, एक टिपरी सरळ, एक टोकाला वाकडी. घाई जिथे यायची तिथे येते, ती चूक नसते, तो चढ असतो. क्वांटाइझचं बटण दाबलं की प्रत्येक ठोका जवळच्या रेघेवर जाऊन बसतो आणि चढाचं सपाट मैदान होतं. सुराचंही तेच. ऑटो-ट्यून १९९७ मध्ये आलं, ते बनवणारा अँडी हिल्डब्रँड आधी तेलकंपन्यांसाठी भूगर्भातल्या लहरींचं गणित करत होता. सुरेख गणित आहे, इंजिनिअर म्हणून मी त्याला मानतो. पण ते बारा सुरांच्या खुंट्यांवर आवाज टांगतं. आजीचा आवाज काळी चार आणि काळी पाचच्या मधे कुठेतरी सुरू होतो आणि रात्र चढेल तसा वर सरकतो. त्याला 'करेक्ट' करणारे तुम्ही कोण?

'मग यंत्रच नको म्हणा', असं लगेच ऐकू येतं. ते मी म्हणत नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती, १९७१ पर्यंत ती चालली. परदेशी वाद्य, ठरलेल्या पट्ट्या, मींड निघत नाही, श्रुती मरतात. आरोप खोटे नव्हते. तरी पेटी नाटकात, भजनात, कीर्तनात राहिली आणि मराठी माणसाला आज ती परकी वाटतही नाही. का राहिली? माझ्या मते, पेटीवाला गाणाऱ्याच्या मागे जातो म्हणून. गाणारा थांबला तर तो थांबतो, पट्टी बदलली तर तो बदलतो. ग्रिड थांबत नाही. यंत्र आणि माणूस यांत कोण कुणासाठी थांबतं, यावरच माझं भांडण आहे. आणि यंत्राला थांबायला शिकवता येतं: मेट्रोनोम बंद करा, सेक्शनची लांबी 'ऑटोमॅटिक' करा, गाणं पूर्ण होऊ द्या. नंतर एडिट करायचंच असेल तर गाण्यावरून लय मोजा आणि रेघा त्याप्रमाणे आखा. मॅकवरच्या लॉजिकमध्ये २०१८ पासून त्याची सोय आहे. सोय असूनही आपण ती वापरत नाही. बीट आधी टाकून त्यावर आजीला चढवणं सोपं जातं, आणि रील तीस सेकंदांचं असतं.

आता नावाचा मुद्दा, ज्यावर टॅबवाले आणि स्टुडिओवाले दोघेही गप्प असतात. यूट्यूबवर आराधी गाणी शोधा. चॅनेलचं नाव मोठं, 'म्युझिक' कुणाचं ते मोठं, खाली एक मोबाइल नंबर. गाणारीचं नाव अनेकदा नसतंच. आणि हे न जमण्याइतकं अवघड नाही, आपल्याच राज्यात ते झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगावच्या सहकाऱ्यांसोबत जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी नव्वदच्या दशकात त्यातल्या कित्येक गाणाऱ्यांचा आवाज त्यांच्या गावात जाऊन टेपवर घेतला. २०१७ पासून 'पारी'वर त्या ओव्या येऊ लागल्या, ओवीखाली बाईचं नाव, गाव, तालुका. तेव्हा टॅब नव्हता, क्लाउड नव्हता. आपल्याकडे दोन्ही आहेत आणि आपल्या फाइलचं नाव असतं 'माय साँग ७'. कायदाही गाणारीच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने सादर करणाऱ्याला आपलं नाव लावून घेण्याचा हक्क दिला. तो हक्क ओसरीपर्यंत पोचवायला वकील लागत नाही. रेकॉर्ड थांबवल्यावर विचारायचं, 'नाव कसं लिहू?' काही जणी सासरचं सांगतात, काही माहेरचं, एकीने नुसतं 'आराधीण' लिही म्हटलं. तसं लिहायचं.

आणि दुसरा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर 'नाही' येऊ शकतं. आजीची एक फाइल चौतीस मिनिटांची आहे. माझ्या मते आम्ही आजवर घेतलेल्यांतलं ते सगळ्यांत चांगलं रेकॉर्डिंग: मागे कुत्रं भुंकतंय, झील मधेच फुटते, विसाव्या मिनिटाला संबळ असा काही उचलतो की मीटर लाल होतं. ते वर टाकू का, असं तिला विचारलं. 'ते आईपुढचं हाय. मोबाइलात बसून कुणी बी आंघोळीच्या आधी ऐकंल. नगं.' बाकीची सहा टाक म्हणाली, नावासकट. ती टाकली. सातवी टॅबमध्ये आहे आणि तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर, आजीच्या देवघरात परडीशेजारच्या कोनाड्यात. हळद लागून त्याचं टोपण पिवळं झालंय.