सांगली ते कोल्हापूर आणि परत

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या पेढीवर मागल्या वर्षीच्या डिसेंबरात आठवडाभर एकच विषय चालला होता. पेढीचे मालक, ज्यांना घरी आणि बाजारातही सारे अण्णाच म्हणतात, एका रविवारी पहाटे चौघा सायकलस्वारांबरोबर कोल्हापूरला निघाले आणि दुपारी हातकणंगल्याहून एका टेंपोत, सायकल रिकाम्या पोत्यांवर आडवी टाकून, परत आले. जाताना नव्हे, येताना. सत्तर किलोमीटर पार पडले होते, तीस उरले होते. पाय दुखत होते असेही नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली, हात थरथरू लागले आणि समोरचा सपाट रस्ता घाटासारखा वाटू लागला. हमालांपासून दलालांपर्यंत सर्वांनी ही हकिगत आपापल्या परीने रंगवली. बावन्न वर्षांच्या, उधारीच्या बाबतीत कुणाचेही न ऐकणाऱ्या माणसाला आठ दिवस मान खाली घालून सौद्याला उभे राहावे लागले.

घरात मात्र आबांनी, म्हणजे अण्णांच्या वडिलांनी, एकच प्रश्न विचारला, "काय खाल्लं होतंस?"

त्र्याऐंशी वर्षांच्या आबांना हा प्रश्न विचारण्याचा अधिकार होता. तरुणपणी वसुलीसाठी ते याच रस्त्याने कोल्हापूरला सायकलने जात. काळी चोवीस इंची सायकल, कॅरिअरला पावतीपुस्तकाची पिशवी आणि हँडलला दशम्यांचे फडके. गिअर नव्हते, पण दशम्या होत्या. अण्णांनी त्या दिवशी निघताना काहीही खाल्ले नव्हते. वाटेत दोन वेळा चहा झाला आणि कोल्हापुरात सांबारात कांदा दिसल्याने इडलीची बशी अर्धी बाजूला सारली गेली. पाच तासांच्या श्रमाला एवढे भांडवल! आबांचा प्रश्न म्हणजे नेमके निदान होते.

शरीराचा हिशेब साधा आहे. स्नायू आणि यकृत यांत साखरेचा जो साठा असतो तो चांगल्या वेगाच्या सायकलिंगला दीड-दोन तास, फार तर थोडा अधिक पुरतो. चरबीचा साठा पुष्कळ असला तरी तो मुदत ठेवीसारखा. हवा तेव्हा, हव्या त्या वेगाने मोडता येत नाही. म्हणून पहिल्या तासानंतर दर तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके पोटात जात राहावी लागतात. एका मध्यम केळ्यात सुमारे पंचवीस ग्रॅम असतात. भूक लागल्यावर खाणे म्हणजे धनादेश परत आल्यावर खात्यात पैसे भरणे होय.

ही गोष्ट जगाला फार पूर्वी एका व्यापाऱ्यानेच सांगितली आहे. पॉल द विव्ही हा फ्रान्समधील रेशमाचा व्यापारी. त्याने तो धंदा सोडून १८८७ मध्ये सेंट-एतिएन येथे सायकलींचे दुकान काढले आणि 'वेलोसिओ' या टोपणनावाने सायकलिंगवर लिहू लागला. सायकलला गिअर असावेत यासाठी त्याने अनेक वर्षे वाद घातले, शेकडो किलोमीटरच्या सफरी केल्या आणि हे सारे शाकाहारावर केले. भुकेच्या आधी खावे आणि तहानेच्या आधी प्यावे, हा त्याचा आग्रह होता. शाकाहारी माणसाला लांब पल्ल्याची ताकद नसते असे ज्यांना अजूनही वाटते, त्यांनी या गृहस्थाचे चरित्र मिळवून वाचावे.

यंदा अण्णांनी पुन्हा जायचे ठरवले. घरच्यांना ते कळले ते नव्या सायकलीमुळे नव्हे, कारण नवी सायकल आलीच नाही. पुतण्याची जाड, खाचांच्या टायरची सायकल होती तीच ठेवून फक्त टायर बदलले. बारीक खाचांचे, थोडे अरुंद. टायरच्या कडेला हवेचा दाब छापलेला असतो तो वाचण्याची सवय लागली. अर्ध्या हवेवर सायकल चालवणे म्हणजे ब्रेक दाबून चालवण्यासारखेच. मग सीटची उंची. पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. नंतर पंजाने पॅडल मारताना गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. अण्णांची सीट चांगली चार बोटे खाली होती. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला जी कळ येत असे तिचे मूळ वयात नसून सीटमध्ये होते. बैठकीच्या दुखण्यावर लोक स्पंजाचे जाड आवरण घालतात, त्याने उलट घासणे वाढते. गादी शिवलेली सायकलची चड्डी, तीही आत दुसरे वस्त्र न घालता, हा खरा उपाय. पेढीवर गादीवर बसून आयुष्य गेलेल्या माणसाला हे सांगताना त्यांच्या मुलीलाही हसू आवरले नाही.

ही मुलगी पुण्यात फिजिओथेरपी शिकते. तिनेच बारा आठवड्यांचे कोष्टक आखून दिले आणि अण्णांनी ते लाल खतावणीत उतरवले. पण त्याआधी डॉक्टर. अण्णांची रक्तशर्करा काही वर्षांपासून वाढलेली असून सकाळी एक गोळी चालू आहे. काही गोळ्यांमुळे श्रमाच्या वेळी साखर एकदम खाली जाऊ शकते. मागल्या वर्षीच्या अंधारीत गोळीचाही वाटा असावा, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. त्यांनी हृदयाची तपासणी करून घेतली, त्या दिवसाच्या गोळीची वेळ ठरवून दिली आणि साखर मोजण्याचे यंत्र बरोबर ठेवायला सांगितले. हे वेळापत्रक अण्णांचे आहे, दुसऱ्याने ते उचलू नये. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने मात्र हा उंबरा आधी चढावा. आपल्या समाजात बैठ्या धंद्यामुळे ही दुखणी घरोघरी आहेत, आणि ती लपवण्याची रीतही घरोघरी आहे.

दशलक्षण पर्वाचे उपवास आटोपून शरीर पूर्ववत झाल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस सराव सुरू झाला. आठवड्यातून तीन सकाळी दहा-पंधरा किलोमीटर आणि रविवारी एक लांब फेरी. रविवारचे आकडे खतावणीत असे आहेत : २०, २५, ३०, मग मुद्दाम कमी करून २२, पुन्हा ३५, ४०. वाढ दर वेळी थोडी आणि तीन आठवड्यांनी उसंत. हाडे, सांधे आणि स्नायुबंध हे फुप्फुसांपेक्षा सावकाश तयार होतात. दम पुरतो म्हणून अंतर दुप्पट करणारा नवखा बहुधा गुडघा धरून घरी बसतो. वेगाची कसोटी एकच : पॅडल मारता मारता शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. जड गिअरवर जोर लावण्याऐवजी हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवावेत, हे अण्णांना पटायला महिना लागला. हलका गिअर म्हणजे कमीपणा, अशी काहीतरी समजूत होती.

दिवाळीत पेढीची कामे, पूजन, नव्या वह्या आणि पाहुणे यांत दहा दिवस सायकल भिंतीला टेकून राहिली. त्यानंतरच्या रविवारी अण्णा पन्नास करून बुडालेले भरून काढायला निघाले होते. मुलीने फोनवर अडवले, "बाबा, व्याजासकट वसूल करू नका. चाळीसच करा." त्यांनी चाळीसच केले. पुढे ५०, ६० आणि ७२. पूर्ण शंभर सरावात करायचे नसतात. बहात्तर निवांत झाले की शंभर होतात, आणि शेवटच्या आठवड्यात तर अंतर निम्म्यावर आणायचे असते.

खाण्याचा प्रश्न घरच्या रिवाजात बसवणे हे या तयारीतले सर्वांत मनोरंजक काम ठरले. सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, गेल्याशिवाय अण्णा काही घेत नाहीत आणि सूर्यास्तानंतरही नाही. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे खाण्यापिण्याची खिडकी दहा तासांची. त्यात शंभर किलोमीटर बसतात, फक्त आखणी हवी. आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी पोटभर भात-वरण, पोळी. सकाळी सूर्योदयाला निघून पहिली पाऊण तासाची चाल अगदी संथ, आणि जयसिंगपुरात पहिला थांबा न्याहारीचा. बाजारात मिळणाऱ्या ऊर्जावड्यांची पाकिटे वहिनींनी उलटून वाचली, तेव्हा अनेकांत मध निघाला आणि काही चघळायच्या गोळ्यांत जिलेटिन. दोन्ही बाद. त्यांच्या जागी केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, मेथीऐवजी साध्या जिऱ्याच्या दशम्या आणि उकळून गार केलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या आल्या. एका बाटलीत साधे पाणी. दुसरीत लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ या घरगुती प्रमाणाचे, लिंबू पिळलेले. दर पंधरा मिनिटांनी दोन घोट. हे सारे सरावाच्या फेऱ्यांत खाऊन पाहिले होते. नवा पदार्थ आणि नवा बूट प्रवासाच्या दिवशी वापरू नये. राजगिऱ्याचा लाडू चालत्या सायकलवर खाल्ला तर ठसका लागतो, हेही सरावातच कळले.

पंक्चर काढण्याचा सराव अण्णांनी अंगणात केला. पहिल्यांदा पन्नास मिनिटे लागली आणि नवी ट्यूब टायरच्या कडेत चिमटून फाटली. शिकण्याची गोष्ट एकच होती : नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवून काटा शोधायचा. नाहीतर तोच काटा दुसरी ट्यूबही फोडतो.

या रस्त्याचा खरा धोका मात्र वेगळा आहे. डिसेंबरात साखर कारखान्यांचा हंगाम भरात असतो. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या हातकणंगल्याच्या पट्ट्यात रांगेने चालतात. ट्रॉलीच्या कडेने ऊस बाहेर आलेला असतो, चालकाला मागचे दिसत नाही आणि गाण्यामुळे घंटी ऐकू जात नाही. अशा ट्रॉलीला घाईने ओलांडू नये आणि तिच्या मागे चिकटूनही राहू नये. अण्णांनी हेल्मेट, उजव्या हातावर लहान आरसा, चकाकणारे जाकीट आणि दिवसाही लुकलुकणारा मागचा दिवा घेतला. एवढा खर्च करताना त्यांनी घासाघीस केली नाही, याची बाजारात नोंद झाली.

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी सातला निघालेले अण्णा पावणेअकराला कोल्हापुरात पोचले. तेच चौघे सोबती बरेच पुढे गेले होते. त्यांच्या मागे धावायचे नाही, हा करार अण्णांनी स्वतःशीच केला होता. साखर मोजली, ठीक होती. पाऊण तास सावलीत बसून दशम्या खाल्ल्या. परतीला वारा समोरून आला; हिवाळ्यात तो बहुधा पूर्वेकडूनच असतो, त्यामुळे पहिल्या निम्म्यात राखलेली ताकद इथेच खर्ची पडते. हातकणंगल्याला, मागल्या वर्षी टेंपो थांबवला होता त्याच्या जरा पुढे, मागचे चाक बसले. बाभळीचा काटा. अण्णांनी सायकल उलटी केली, बोट फिरवले, काटा काढला. पंचवीस मिनिटे लागली. उसाच्या एका ट्रॅक्टरचा चालक, "काका, टाकू का ट्रॉलीत?" असे विचारून गेला. त्यांनी हात हलवून नको म्हटले.

तळहात बधिर झाले होते, ते पकड बदलत राहिल्याने सुटले. शेवटचे दहा किलोमीटर कंटाळ्याचे होते, अंधारीचे नव्हते. चारला दहा मिनिटे कमी असताना ते दारात उतरले, म्हणजे सूर्यास्ताला अजून दोन तास होते. सोबतच्या तरुणांनी लगेच दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेची गोष्ट काढली. फ्रान्समधून आलेल्या या पद्धतीत दोनशेला साडेतेरा तासांची मुदत असते आणि वाटेत आपले आपणच निभवायचे असते. अण्णांनी त्याचा वेळ मनातल्या मनात सूर्योदय-सूर्यास्तात बसवून पाहिला, तो बसेना. उन्हाळ्यातल्या मोठ्या दिवशीही तो पुरता बसत नाही, शिवाय तेव्हा ऊन सोसवत नाही. त्यांनी विषय तिथेच ठेवला.

आबा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी सायकलीच्या मागच्या चाकाकडे पाहिले, मग मुलाकडे.

"अंकलीच्या पुलावर वारा अजून तसाच लागतो का रे?"

"लागतो, आबा," अण्णा म्हणाले, आणि हेल्मेट काढून पायरीवर बसले.